लाल नळ

रुवीतल्या या तिसऱ्या मजल्यावर
जूनमध्ये निळ्या नळातून कढत पाणी येतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात उभी,
तिचा काय दोष.

पहिल्या वर्षी तांदूळ धुवायला घेतले
आणि बोटं पोळली.
तेव्हा समोरची फरीदा परकार
(मूळची खेडची, इथं एकवीस वर्षं)
चप्पल न काढताच बाथरूममध्ये शिरली
आणि गिझरचं बटण बंद केलं.
म्हणाली, 'आता ऑक्टोबरपर्यंत हे असंच.
पाणी रात्रभर आत बसतं, घराच्या गारव्यात.
सकाळी लाल नळ सोडायचा.
इथं सगळं उलटं गं,
पण एकदा कळलं की सोपं.'

वामन समुद्राचं पाणी गोड करण्याच्या कारखान्यात.
दिवसभर मीठ काढायचा
आणि थोडं जिभेवर घेऊन घरी यायचा.
दार उघडायच्या आत मी सुरू:
शाळेची फी, बसवाल्याचा उर्मटपणा, सासूबाईंचा फोन
(तिकडे घड्याळ दीड तास पुढे,
म्हणून काळजीही दीड तास आधी पोचते).
त्याचं 'जरा बसू दे'
माझ्या 'जरा ऐक'वर आदळायचं, रोज, त्याच पायपुसण्यावर.
मैथिली टीव्हीचा आवाज वाढवायची.
पाच वर्षांची.
घर किती तापलंय
ते आमच्याआधी तिला कळायचं.

एका संध्याकाळी खुबूस आणायला खाली उतरले.
आमची गाडी उभी होती, इंजिन बंद.
आत वामन.
दोन्ही हात स्टिअरिंगवर,
जणू अजून कुठेतरी पोचायचंय.
बाहेर एक्केचाळीस अंश,
आणि हा माणूस काचा लावून बसलेला,
कारण वर त्याहून गरम होतं.

मी काच वाजवली नाही.
खुबूसची ऊन पिशवी छातीशी धरून
जिन्याने वर आले, लिफ्ट असून.

तो आला तेव्हा मी काहीच विचारलं नाही.
आवाज न करता लाल नळ सोडला फक्त,
बादलीत.
त्याने पाय बुडवले आणि बराच वेळ
आपल्याच बोटांकडे पाहत राहिला.

यावर आम्ही कधी बोललो नाही.
शपथ नाही, भिंतीवर तक्ता नाही.
पण तेव्हापासून दारातून आल्यावर पाव तास
वामनला कुणी काही विचारत नाही.
आणि आठनंतर मी गच्चीवर जाते, एकटी,
टाकीच्या सावलीत उभी राहते, समोर काळे उघडे डोंगर.
खाली तो मैथिलीची वेणी घालतो,
वाकडी.
माझ्याही टाकीत पाणी तापतंच की.

भांडणं आहेत.
एसी वीसवर की चोविसावर, हे तर
व्हिसासारखं दर दोन वर्षांनी नव्याने मांडावं लागतं.
फक्त रात्री सुरू झालेलं सकाळवर टाकतो.
सकाळी त्यातली निम्मी आठवत नाहीत,
उरलेली खरोखरच करण्याजोगी असतात,
ती चहाबरोबर करतो.
गेल्या मंगळवारी मला नाही थांबता आलं.
ओरडले, कपाटाचं दार आपटलं, बिजागरी निघाली.
वामन स्क्रू-ड्रायव्हर शोधत बसला
आणि मी टॉर्च धरला. तेही चालतं.

काल मैथिलीची वही आली.
दोन नळांची चित्रं, रंगवा आणि लिहा.
लाल नळासमोर तिने लिहिलंय: गार.
बाईंनी त्यावर मोठी फुली मारली आहे
आणि खाली पालकांची सही मागितली आहे.

वामन म्हणाला, समजावून सांगू का तिला?
मी म्हटलं, सांगू ऑक्टोबरात.

दोघांनीही सही केली.