कंसात: हशा

विधानसभेच्या जुन्या इतिवृत्तात
डोमाजी निनावे अकरा वेळा उभे राहतात.
नऊदा सुताच्या कोट्यासाठी,
एकदा नाईक तलावातल्या गाळासाठी,
एकदा नुसतं "अध्यक्ष महाराज" म्हणून
खाली बसतात. पुढे कंसात: हशा.

मी लघुलेखक होतो, बावीस वर्षांचा.
तो हशा माझ्याच पेन्सिलीचा.
का बसले, त्याला खूण नव्हती.

मागावरून उठून आलेला माणूस,
सभागृहातही डावा पाय
बाकाखाली पावडी दाबत राही.
हिंदी बोलत उसनं आणल्यासारखं, मोजून;
चिडले की थेट,
"काहून नाही म्हणता जी?"
ते मी शुद्ध करून टिपायचो.

छप्पन साली राजधानी उठली.
फायली, टेबलं, पंखेसुद्धा भोपाळला निघाले.
डोमाजी नागपूर स्टेशनात, हमालांच्या मधे:
"सुताच्या अर्जांचा गठ्ठा वर ठेव, बाप्पा.
तळाशी गेला का गेला."

पुढची निवडणूक हरले, तीनशे एक्केचाळीस मतांनी.
सोमवारी मागावर.

खूप वर्षांनी पाचपावलीत गेलो, धोतरजोडी घ्यायला.
ओळखलं त्यांनी. धोटा हातातच.
"त्या दिवशी काय लिहिलं होतं जी?"
हशा, म्हटलं.

तुटलेला धागा त्यांनी ओठांत ओला केला,
गाठ मारली,
"हाव. झाला होता,"
आणि धोटा पलीकडे गेला.