कोणती आवृत्ती?

क्लाक्सविकच्या बंदरामागे, जाळी शिवणाऱ्यांच्या माडीवर
आमची तीन टेबलं.
ब्रेस्टिर, मार्युन, मी.
सहा बेटांवरचे दोनशे तीस संगणक,
मासळीची दोन शीतगृहं, फेरीबोटीची खिडकी,
आणि स्विनोयची शाळा: मुलं तीन, राउटर एक,
तोही काचेला टेकवलेला, उन्हाच्या आशेने.

कोपनहेगनचा विक्रेता पडद्यावर आला,
दात पांढरे, पाठीमागे खोटं झाड.
म्हणाला, आमचं सॉफ्टवेअर डोळ्यांत तेल घालून बसतं,
कुठे खट्ट झालं की तिकीट आपोआप फाटतं,
बोटीचं नव्हे, तक्रारीचं.
सध्या देखरेखीला तुम्ही काय वापरता?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
ब्रेस्टिर म्हणाला, हाल्ग्रिम.

त्याने ते टंकलं. विचारलं, कोणती आवृत्ती?

मार्युन म्हणाली, बावन्न सालची.

हाल्ग्रिम शीतगृहाचा रात्रपाळीचा राखणदार.
फोन करतो तो आधी वाऱ्याबद्दल,
मग कुंपणापलीकडे गेलेल्या मेंढीबद्दल,
मग भावजयीच्या गुडघ्याबद्दल,
आणि ठेवता ठेवता: हां, तो हिरवा दिवा गेलाय दुपारपासून.
तांदळातले खडे वेचावेत
तसा मार्युन त्यातून बिघाड वेचते.
तिकिटात लिहिते: यंत्र नेहमीसारखं गुणगुणत नाही.
प्रकार: इतर.

तीन सॉफ्टवेअरं आणली, महिनाभर फुकट.
परीक्षा एकच. भर दुपारी मी जाऊन
शीतगृहाच्या स्विचची वायर उपटायची.

पहिल्याने बोंब ठोकली, पण तिकीट काढलं नाही;
मधला दुवा म्हणे वेगळा विकत घ्यावा लागतो.
घर घ्या, उंबऱ्याचे पैसे निराळे.
दुसऱ्याने एकशे अठरा तिकिटं काढली,
स्विचचं एक, स्विचमागच्या प्रत्येकाचं एक,
प्रिंटरचंसुद्धा, जो मार्चपासून मेलेला आहे.
घरात एक गेला आणि गावभर रडारड.

तिसऱ्याने एकच काढलं.
वायर लावली, तसं ते स्वतःच मिटलंही.
ब्रेस्टिरने टाळी वाजवली.
मार्युनने दरपत्रक उलटं करून पाठीवर
भागाकार केला, दर यंत्रामागे, दर महिन्याला,
मग पुन्हा केला,
कारण पहिला आवडला नव्हता.

तिसरं घेतलं.

फेब्रुवारीतला मंगळवार, पहाटे तीन दहा.
शीतगृह, कॉम्प्रेसर एक, दाब कमी.
तिकीट ४४७१. नेमणूक: ब्रेस्टिर.
त्याने अंथरुणातूनच दुसरा कॉम्प्रेसर चालू केला,
तीन सव्वीसला तिकीट मिटलं.
कळवणारा: प्रणाली. कारण: स्थिती पूर्ववत.
बायकोलासुद्धा जाग आली नाही, सकाळी सांगत होता,
आणि ते खरंच चांगलं आहे,
आत दोनशे टन मासळी आहे.
पूर्वी अशीच एक रात्र आम्हाला दोन दिवसांनी कळली होती,
वासावरून.
तेव्हा हाल्ग्रिम सुट्टीवर होता.

आठ वाजता फोन वाजला.
वारा ईशान्येचा.
मेंढी सापडली, एक कान फाटलाय.
आणि हां, रात्री ते यंत्र सोळा मिनिटं खोकलं,
मग दुसरं जागं झालं.
घड्याळ घेऊन बसलो होतो शेजारी.
तुम्हाला उठवलं नाही, म्हटलं झोपला असाल.

मी ४४७१ पुन्हा उघडलं.
उघडण्याचं कारण निवडा, प्रणाली म्हणाली,
रकाना रिकामा ठेवता येणार नाही.
यादीत अकरा कारणं होती.
मी सगळी वाचली, एकदा खाली, एकदा वर,
आणि इतर निवडलं.

कानाशी तो अजून बोलत होता,
गुडघ्यावर आला होता.