उताणं

पार्कसाइटच्या चढावर अठरा पायऱ्या,
मी दार वाजवते. आज लसीची पेटी नाही,
नुसती वही.

दहा बाय बाराची खोली, पंखा तीनवर.
चिन्मयीचं बाळ एकवीस दिवसांचं.
मोहरीची उशी, टोपडं, हातमोजे,
अंगावर दोन दुपटी, कुशीला आत्यानं विणलेला ससा.
आणि पालथं.
"पालथं गाढ झोपतं, ताई."

तेच तर, गं.

मी हात धुते. उशी काढते. ससा फळीवर.
टोपड्याखाली केस घामानं चिकटलेले.
उताणं निजवते;
ते दोन्ही हात वर टाकतं, शरण आल्यासारखं.
गादी नको, सतरंजीची घट्ट घडी पुरे.
तुझ्या अंथरुणाशेजारी, अंथरुणात नाही.
पाजता पाजता डोळा लागलाच,
तर जाग येताच परत खाली ठेव.

दिगंबर दारातच विडी विझवतो.
"बाहेरच ओढतो मी."
धूर शर्टातून घरात येतो, बाबा.
सोडलीस तर बरं. तोवर शर्ट बदल, मगच घे.

"पण असं होतं कशानं?"
पुरतं डॉक्टरांनाही ठाऊक नाही.
सगळं नीट केलेल्या घरातूनही
एखादं जातं, कुणाचीच चूक नसताना.
हे वाक्य मी रोज म्हणते.
स्वतःला अजून पटवता आलेलं नाही.

चौऱ्याण्णवचा ऑक्टोबर. नळाला पाणी आलेलं,
मी हंडे भरत होते.
बाळ गाढ होतं.

रात्री दोनला फोन उजळतो:
"उताणाच आहे. बघत बसलेय."
मी लिहिते,
झोप आता. तूही.