चार नंबर

मिक्सरवर पांढरी पट्टी, बॉलपेनने लिहिलेली:
एक ढोलक, दोन ऑर्गन, तीन गोकुळ मास्तर,
चार वैजंता.
पट्टी दर सीझनला बदलते, चार नंबर नाही.

मी सुभान तडवी, राहणार यावल.
साउंड माझा.
स्टेजपासून साठ फुटांवर, कनातीला पाठ लावून बसतो,
आणि मांडवाला जे ऐकू येत नाही
ते हेडफोनमध्ये मला येतं:
ओळ उचलण्याआधीचा तिचा श्वास,
माइकच्या दांडीला लागणाऱ्या बांगड्या,
दहाची नोट द्यायला वर चढलेल्या पाहुण्याचं
गुटख्यासकट बोलणं,
गाडी बाहेर उभी आहे, शेवटच्या गाण्यानंतर ये.

अशा वेळेसाठी एक लाल बटन असतं.
दाबलं की चार नंबर गप्प.
ढोलक चालू, ऑर्गन चालू,
लोकांना वाटतं बाई दम घेतेय.
पाहुणा उतरला की बटन वर.
मास्तर म्हणायचे, सुभानचा हात हलका,
अकरा वर्षांत एका यजमानाची अब्रू गेली नाही.

अडावदला हळद होती.
केळीचा ट्रक धुऊन स्टेज केलेलं,
फाळक्यावर चिकाचे काळे डाग तसेच.
पाच नंबरवर साक्रीची हर्षाली,
वय एकोणीस, पहिलाच सीझन,
पदराला घरूनच सात पिना लावून आलेली.
पावणेबाराला नवरदेवाचा मामा वर गेला,
नोटा मोजत, एकेक.
हेडफोनमध्ये आलं:
काका, हात काढा.

बोट बटनावर होतंच,
उंबऱ्यावर कुत्रं असतं तसं, सवयीनं.
मी शूर नाही.
मला लेक नाही की तिची आठवण यावी.
बोट फक्त खाली गेलं नाही,
आणि दुसऱ्या हातानं पाच नंबर वर सरकवला,
टोकापर्यंत.

काका, हात काढा.

आठ बॉक्समधून,
गच्चीवर हळद कालवणाऱ्या बायांपर्यंत,
नाल्यापलीकडच्या केळीच्या बागांपर्यंत.
इतका स्वच्छ आवाज मी कुठल्या गाण्याला दिला नव्हता.
ढोलक थांबला.
मामा हसला, मग हसायचं कुठवर ते त्याला कळेना.
गच्चीवरून एक बाई म्हणाली, कोन से रे तो?
दुसरीनं त्याचं नाव घेतलं.
पूर्ण, बापाच्या नावासकट.

सुपारी अर्धीच मिळाली.
कुणीतरी एका बॉक्सचा पडदा फाडला.
टेम्पोत धानोऱ्यापर्यंत कुणी बोललं नाही.
मला आपलं वाटत होतं, कुणी पाठ थोपटेल.
वैजंता म्हणाली, समोरच्या रस्त्याकडे बघतच,
सुभानभाऊ,
अकरा वरीसमा तुले मना आवाज आयकू नही वना का?

किनगाव आलं. गेलं.

आता बुकिंगच्या पावतीमागे तिच्या अक्षरात असतं:
नोटा पेटीत, हातात नाही.
जिना एकच, त्यावर आमचा माणूस.
कपडे बदलायला खोली, आतून कडी लागणारी.
पोरींचा टेम्पो आधी निघेल.
मास्तरांच्या तीन सुपाऱ्या गेल्या,
चौथीला यजमानानं सही केली, कुरकुरत.
लाल बटनावर मी चिकटपट्टी लावलीय.
चिकटपट्टी निघते, हे मलाही माहीत आहे.

आणि संध्याकाळी साउंड चेकला,
मंडपवाले खुर्च्या मांडत असताना,
पोरी हॅलो हॅलो, चेक चेक म्हणत नाहीत.
एकेक येते आणि म्हणते,
काका, हात काढा.
मंडपवाले आधी हसतात, मग हसत नाहीत.
मी शेवटच्या खांबापर्यंत जाऊन ऐकतो,
ढ नीट फुटतो का बघतो,
परत येऊन हेडफोन चढवतो.

शेवटी चार नंबर.
वैजंता माइक हातात घेते, थांबते.
तिचा श्वास येतो.

मी मान वर करत नाही.