एका शब्दाचा तास

मंगळवारी संध्याकाळी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
फळ्यावर मी एकच शब्द लिहिला: स्टिल.
हीटर ठकठकत होता. वाऱ्याने फेरी अडकली होती,
सहांपैकी तिघेच आले.

अजून, मी म्हटलं. अजूनही. आजतागायत.
ओरिस्याने उतरवून घेतलं, दिवसभर कोळंबी सोललेल्या
बोटांचे ओले ठसे पानावर उठवत.
म्हणाली, बाई, वाक्य करते:
माझी आई अजून खारकीव्हमध्ये आहे.
व्याकरण बरोबर होतं.
मी बरोबरची खूण केली,
आणि करायला नको होती असं वाटलं.

मग, न हलणारं. निश्चल. स्तब्ध.
भरती संपते, ओहोटी लागायची असते,
त्या पाव तासातलं बंदराचं पाणी;
नावांचे दोर सैल,
आणि सीगलसुद्धा तोंड कुठे करावं ते विसरलेले.
स्तब्ध म्हणजे मेलेलं का? बुर्हानने विचारलं.
नाही रे. हलू शकतं, पण हलत नाही, ते स्तब्ध.
हे मी कुठल्या कोशात वाचलेलं नव्हतं,
तोंडातून निघून गेलं.

बुर्हान हॉटेलात वाढप्याचं काम करतो.
परवा एका पाहुण्याने त्याला विचारलं, स्टिल?
हा म्हणाला, हो साहेब, अजून इथंच आहे,
कागदपत्रं व्हायचीत.
पाहुण्याला बिनबुडबुड्यांचं पाणी हवं होतं.
आम्ही इतके हसलो
की वरच्या मजल्यावरची भजनाची तालीम थांबली.

भट्टी हा अर्थ इथे शिकवावा लागत नाही,
तो नाकाने कळतो.
माझ्या टॉर्क्विलने एकतीस वर्षं तांब्याची भट्टी सांभाळली.
तिला तो 'ती' म्हणायचा. घरी आला
की स्वेटरला ओल्या जवाचा वास,
आणि मी जेवणाचं विचारायच्या आत
आज ती कशी वागली ते सांगून टाकायचा.
जुनी झिजली, नवी आली, तेव्हा
जुनीला जिथे पोचा होता नेमका तिथेच
त्यांनी नवीला हातोडीने पोचा पाडून घेतला.
चव बदलायला नको म्हणून.
मी हसले होते त्याला.

वाक्याच्या तोंडाशी आला तर, मी फळ्याकडे वळले,
तरीही. असं असूनसुद्धा. काही झालं तरी.

नाझिक तासाला फारशी बोलत नाही.
फोनमध्ये बोट ठेवून म्हणाली, बाई,
याच्यापुढे 'जन्मलेलं' जोडतात, ते काय?
अजून जन्मलेलं?
मग जरा थांबून,
तरीही जन्मलेलं?

हीटर ठकठकला.
ओबानचं इस्पितळ, फेब्रुवारी, चौऱ्याऐंशी साल.
नर्सने उगाचच पडदा नीट केला.
टॉर्क्विलने तिला हातात घेतलं, भट्टीची झडप धरावी
तसं, दोन्ही तळव्यांनी, श्वास रोखून.
तिला नखं होती. कुणी सांगितलं नव्हतं
की नखं असतील.

नाही, मी म्हटलं. तो एकच शब्द आहे,
मध्ये जागा नाही सोडायची.
आणि अर्थ सांगितला, कोशात आहे तसा,
आवाज न बदलता. चाळीस वर्षं शिकवलंय मी.
नाझिकने मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही,
त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

वह्या रात्री घरी आणल्या.
नाझिकच्या पानावर, खालून चौथ्या ओळीत,
खोडलेलं नाही, बदललेलं नाही:
तरीही जन्मलेलं.
लाल पेनचं टोपण काढून बसले होते.
खाली बंदरात पाणी वळलं असावं,
एकेक दोर ताणल्याचा करकर आवाज येऊ लागला.
मी ओरिस्याची वही घेतली.