असुधारित प्रत

डिसेंबरातलं नागपूर. परिषदेच्या सभागृहात
आमचं टेबल मधोमध, सगळ्यांच्या पायांशी.
पाच मिनिटं मी लिहायचे, मग देशकर, मग पुन्हा मी.
त्यामुळे कुणाचंच भाषण मी पुरतं ऐकलेलं नाही.
जनगणनेच्या ठरावाची सुरुवात ऐकली,
राजभाषेच्या वादाचा मधलाच एक घास.

श्री. डोमाजी निनावे शेवटून दुसऱ्या बाकावर.
देशाच्या प्रश्नावर बोलताना आवाज खाली,
गावाच्या प्रश्नावर त्याहून खाली.
लघुलिपीत कुजबुजीला चिन्ह नाही.

गव्हाच्या आयातीवर म्हणाले,
"सभापती महोदय, जहाजाचं भाडं कोण देणार, तेवढं सांगा.
आमच्याकडे नावाडी आधी भाडं ठरवतो, मग डोंगा सोडतो."
(हशा.)
कंस माझा.
ते स्वतः हसले नव्हते, हे कुठे लिहायचं
ते आम्हाला शिकवलं नव्हतं.

मग ती संध्याकाळ. पावणेसात. अर्ध्या तासाची चर्चा.
सभागृहात अकरा जण, त्यातले तीन पेंगलेले,
माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलेलं.
ते म्हणाले,
"चुलबंद चार महिने. पोरं शाळेत जात नाहीत.
बाळंतीण खाटेवर अडते. मास्तर फिरकत नाही."

मी लिहिलं, चूल बंद चार महिने.

नदी आहे ती.
मला काय ठाऊक, मी पुण्याची, सदाशिव पेठेतली,
आमच्याकडे नदीचं नाव नदीसारखं असतं.
एक शब्द मधोमध तोडला
आणि कागद बांधकाम खात्याऐवजी पुरवठ्याकडे गेला.

श्रावणात बेलटोल्याला साठ पोती तांदूळ आला.
बेलटोल्याला! जिथे धानाच्या बांध्या उंबऱ्याला टेकतात.
ट्रक अलीकडच्या काठावर उभा, चुलबंद दुथडी,
तीन-तीन पोती डोंग्यातून पलीकडे.
दोन नदीनं ठेवून घेतली.

हे सगळं मला बावीस वर्षांनी कळलं,
निवृत्त झाल्यावर, त्यांच्या ओसरीवर, पितळी गडव्यातलं पाणी पिताना.
सुगराबाईंनी ट्रंकेतून ती प्रत काढली,
दुरुस्तीसाठी सदस्यांकडे जाते ती.
कार्बनची शाई जांभळी होऊन पसरलेली.
गव्हाच्या भाषणात त्यांनी एक अनुस्वार सुधारला होता,
"डोंगा"चा "डोंगर" झाला होता, तोही.
माझ्या ओळीला हात लावलेला नव्हता.
खाली सही. तारीख.

"नजरचूक?" मी विचारलं.
"नाई जी. चारदा वाचलन् त्याइनं, चुलीपाशी बसून.
म्हने, पोरगी चुकली, पन खोटं नाई लिवली.
पानी चढलं का मासोळी नाई भेटत,
ढिवरटोलीत चूल पेटतेच कुठं?
पुलाचं तं म्या पुन्हा इचारीन, म्हने. हे कोन इचारनार?"

पुन्हा विचारलं त्यांनी. सात अधिवेशनं विचारलं.
नंतरचे खंड मी उघडून पाहिले आहेत:
तपासून पाहण्यात येईल.
तपासून पाहण्यात येत आहे.
एकदा नुसतंच, होय.
पूल झाला, तीन कोस खाली, रेतीघाटाजवळ.
त्यावरून ट्रक जातात.
तांदूळ मात्र ढिवरटोलीत वाटला गेला,
डोमाजींनी स्वतः मापलं धरलं,
आणि याची नोंद कुठल्याच खंडात नाही,
कारण हे ते सभागृहात बोलले नाहीत.

सुगराबाई म्हणाल्या, ते गव्हाचं वाचून दाखवा ना जी,
कसे बोलत होते तसं.
मी वाचलं. आवाज खाली ठेवून.
माझ्या पाळीपुरतंच आलं.
पुढचं देशकरांना ऐकू आलं होतं,
ते मागच्याच वर्षी गेले.

परतताना काठावर फागो वलथरे उभा.
डोंग्याचा दोर न सोडता म्हणाला, वीस रुपये.
मी दिले.
मग त्यानं दोर सोडला.
जहाजाचं कोणी दिलं, ते उत्तर अजून यायचं आहे.