अठराचा मणी

गेटवरच बांगड्या उतरवायच्या.
टिकली, अंगठी, नखाचा रंग, डोरलंसुद्धा.
भिंतीवरच्या पाटीवर सगळं मराठीत लिहिलंय,
खाली न वाचता येणारी सही.

पहिल्या दिवशी सावळजची हौसाक्का रडली,
"नवरा जित्ता असताना हात भुंडं कशापायी?"
मुजावर सुपरवायझर म्हणाला, "काचेचा तुकडा
द्राक्षात गेला तर कंटेनर माघारी येतोय, मावशी."
मग साबण लावून तिनं एकेक बांगडी काढली,
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवली,
डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव.

असे एकतीस डबे, फळीवर ओळीनं.
बत्तिसावा मालनचा. रिकामा.
तरी तिनं नाव घातलंय.

आत डोक्याला जाळी, तोंडाला पट्टी,
पांढरा कोट, उघडी मनगटं.
हळदीकुंकवाला जिला कुणी बोलावत नाही
ती माझ्या डाव्या अंगाला उभी,
आणि नवी पोरगी मलाच विचारते,
"ह्यातली मालन कंची?"
मी पट्टीआड हसले. सांगितलं नाही.

प्लास्टिकचं माप, त्याला गोल भोकं.
अठराच्या भोकातनं मणी खाली पडला
तर तो हॉलंडला जात नाही,
बेदाण्याला जातो, नाहीतर आमच्या पोरांच्या पोटात.
चौदाचा मणी गोड असतो, खरं सांगते.
तिकडं कुणी कळवलं नसणार.

मळ्यात बाईमाणसासाठी संडास झाला
तो त्यांच्याच कागदामुळं.
वीस वर्षं आम्ही उसाच्या आडोशाला जायचो,
मालकाला दिसलं नव्हतं,
रॉटरडॅमच्या माणसानं एका फेरीत बघितलं.
जे आहे ते बोलावं.
नको ती औषधंही बंद झाली,
पण त्यांच्याच बागेला.
शेजारची तीन एकर आपल्या बाजाराची,
तिला कसली यादी आणि कसलं काय.
वारा तिकडनं आला की डोळे चुरचुरतात.

जानेवारी सरताना कुठल्याशा समुद्रात गोळ्या सुटल्या.
तांबडा समुद्र म्हणे. मी विचारलं,
"म्हंजे डाळिंबाच्या पाण्यासारखा?"
मुजावरनं फोनमधनं मान वर केली नाही.
बोटी आफ्रिकेला वळसा घालून चालल्या होत्या.
आमच्या हातची द्राक्षं पंधरा दिवस जादा
पाण्यावर, गंधकाच्या कागदाखाली.

मग फोटो आला. पेटी उघडलेली,
देठ काळे, मण्यांवर करडी लव.
पेटीवर नंबर असतो, नंबरावरनं टेबल कळतं.
आमचंच.
मालन फोटोकडं बघत राहिली.
"किती लांबनं बघितलं बाई आपल्याला."

शिमग्याआधीच शेड बंद.
डबे जिचे तिला.
थंडीनं बोटं फुगलेली. घालता घालता
हौसाक्काची एक बांगडी वाढली.
(आमच्यात फुटली म्हणत नाहीत.)
तिनं तुकडे पदरात घेतले, जमिनीवर एकही नको,
अजून सवय गेली नव्हती.

गेटाबाहेर लग्नाचं वऱ्हाड टेम्पोत चढत होतं.
मालन आपणहून कडेला झाली,
काखेत डबा, झाकण घट्ट लावलेला.
"फुडल्या साली बोलावतील का गं?"

मी म्हणाले, "समुद्रावर हाय."